वॉबली

स्टुलं परत आली तेव्हा मिस्त्री दारात बसून करवतीला कानस लावत होते. टेंपो अंगणात शिरला, मागे वळला आणि फाळका पडल्याचा आवाज झाला. मिस्त्रींनी मान वर केली नाही. करवतीचे दात ओळीने घासायचे असतात. मध्येच उठलं तर एखादा दात राहून जातो आणि मग करवत लाकडात लंगडत चालते.

"मिस्त्री, उतरवून घ्या," टेंपोवाला म्हणाला.

"काय उतरवू? फळ्या तर उद्या येणार होत्या."

"फळ्या नाहीत. तुमच्याच लेकी आहेत. माहेरी आल्यात."

मिस्त्रींनी करवत मांडीवर आडवी ठेवली. टेंपोत त्यांची चाळीस स्टुलं पाय वर करून एकावर एक पडली होती. गेल्याच आठवड्यात ती फळांच्या शेडवर पोचती केली होती. प्रत्येकाच्या एका पायाला सुतळीने पांढरी चिठ्ठी बांधली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर निळ्या शाईत एकच शब्द होता.

"हे काय लिहिलंय?"

"मला काय विचारता? इंग्रजी आहे. पण चांगलं नसावं. चांगलं असतं तर परत कशाला धाडलं असतं?"

मिस्त्रींचा मुलगा आतून आला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. बापलेकांनी स्टुलं उतरवली. सागाची नव्हती, साधंच लाकूड. पण एकाचीही खाच ढिली नव्हती. मिस्त्रींनी दोन-तीन पाय पिरगाळून पाहिले. खुंटी हलली नाही.

इतक्यात नात शाळेतून आली. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. चौथीत होती. तिने चिठ्ठी हातात घेऊन अक्षरं लावली. "डब्ल्यू, ओ, बी, बी, एल, वाय. वॉबली असावं."

"म्हणजे काय?"

"आम्हाला अजून शिकवलं नाही."

"मग चल बाईंकडे," मिस्त्री म्हणाले आणि एक स्टूल त्यांनी खांद्यावर घेतलं.

बाई शाळेच्या मागे राहत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाटेने जाणारं पोर अजूनही त्यांच्या दारापुढून जाताना चाल सावरायचं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि अर्थ काही सांगितला नाही.

"स्टूल खाली ठेवा, मिस्त्री. भिंगरे, बस त्यावर."

भिंगरी बसली. टक असा आवाज झाला.

"पुढे झुक."

टक.

"आता मागे. काय होतंय?"

"हलतंय."

"झोपाळासुद्धा हलतो. झोपाळ्याला हा शब्द नाही चालत."

भिंगरीने दोन-तीनदा पुढे-मागे करून पाहिलं. मग खाली वाकून पायांकडे पाहिलं. "डुगडुगतंय. एका वेळेला तीनच पाय टेकतात. चौथा टेकला की दुसरा उठतो."

"हं. त्यालाच म्हणायचं वॉबली. जे धड उभं राहत नाही ते. आता अजून काय काय वॉबली आहे ते तू मला सांग."

भिंगरीने जिभेने पुढचा दात ढकलला. "हा."

"बरोबर."

"वासरू. नुकतं जन्मलेलं, उठायला बघतं तेव्हा. आणि नळाजवळची वीट. आणि नवे सर सायकल शिकले तेव्हा, पहिल्या दिवशी."

"सरांचं बाहेर बोलू नकोस," बाई म्हणाल्या, पण हसल्या.

मिस्त्री दाराशीच उभे होते. "म्हणजे बाई, डुगडुगतं, असं लिहून पाठवलंय? चाळीसच्या चाळीसांवर?"

"हो."

"मग मराठीत लिहायला काय झालं होतं? तेवढं वाचता येतं मला."

"त्यांचे कागद इंग्रजीत असतील. मनावर घेऊ नका."

"मनावर कुठे घेतलं? तुमची फरशी वाकडी आहे."

"असेलही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ठेकेदार घाईत होता."

मिस्त्रींनी स्टूल हातभर सरकवलं. तिथे ते मुकाट्याने उभं राहिलं. आणखी हातभर सरकवलं. टक.

"बघा! फरशीच वॉबली!" भिंगरी ओरडली.

"फरशी डुगडुगते का गं? फरशी वाकडी आहे. नवा शब्द मिळाला म्हणून दिसेल त्याला चिकटवायचा नाही."

घरी आल्यावर मिस्त्रींनी तेच स्टूल कामाच्या खोलीत, मातीच्या जमिनीवर ठेवलं आणि बसून दाखवलं. जरासुद्धा हललं नाही. मग मुलाला बसवलं. तरी नाही.

"बघितलंस? माझ्या हातून वाकडं गेलेलं नाही."

मुलगा उठून कामाला लागला. पण मिस्त्रींचं समाधान झालं नव्हतं. ते स्टूल घेऊन पुन्हा बाहेर पडले. जिथे जिथे पक्की जमीन असेल तिथे ठेवून बघायचं आणि शेडवाल्यांना खोटं पाडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पिठाच्या गिरणीत सिमेंटचा कोबा होता. तिथे स्टूल डुगडुगलं. गिरणीचं यंत्र चालू होतं, त्याने हललं असेल म्हणून मिस्त्रींनी ते बंद करायला लावलं. तरी डुगडुगलं. बाजूला गिऱ्हाइकांसाठी बाक होता. अकरा वर्षांपूर्वी तो मिस्त्रींनीच करून दिला होता. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. पिठाने आणि पायधुळीने काळी पडलेली.

"हे कधीपासून?"

गिरणीवाल्याने पिठाचे हात झटकले. "काय?"

"पुठ्ठा."

"ते होय. कोबा घातला तेव्हापासून. आधी मातीत छान बसायचा हो."

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं, मिस्त्री? पुठ्ठा घातला, काम झालं. बसा, चहा सांगतो."

मिस्त्री बसले नाहीत. ते समोर सलूनमध्ये गेले. तिथली मोठी खुर्चीही त्यांच्याच हातची. तिच्या मागच्या पायाखाली बाटलीचं ठोकून चपटं केलेलं झाकण होतं. खुर्चीत एक माणूस अर्ध्या दाढीचा बसला होता, म्हणून मिस्त्रींनी खुर्ची हलवून पाहिली नाही. पुढे औषधांच्या दुकानात त्यांच्या घडवंचीखाली रबरी चपलेचा तुकडा होता. दुकानदाराने तो पायाने आत सरकवला, मिस्त्रींना दिसू नये असा.

"सवय झाली आता," तो म्हणाला. "तुम्ही एवढं मनापासून करून दिलेलं. तुमच्या तोंडावर कोण बोलणार?"

परत येताना मिस्त्रींनी स्टूल खांद्यावर घेतलं नाही. हातात धरून, खाली पायांशी लोंबतं ठेवून आणलं.

सून शेडवरच कामाला होती. पट्ट्यावरून येणारी फळं निवडून पेटीत भरायचं काम. तिन्हीसांजेला ती आली, हातपाय धुतले आणि पाणी पिऊन उंबऱ्याशी बसली.

"तुझ्यासमोरच झालं का गं?" सासूने विचारलं.

"सगळ्यांसमोरच. सुपरवायझरनं स्टुलाच्या कोपऱ्यावर एक बोट ठेवलं. टक. मग दुसऱ्यावर. टक. असं चाळीस वेळा. एका बोटानं."

"कुणी हसलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही, मामंजी." मग थोडं थांबून ती म्हणाली, "दोघी हसल्या."

मिस्त्रींनी मान हलवली.

"सोमवारी तोडीचा पहिला माल येतोय. सकाळपर्यंत नीट करून दिली तर घेऊ म्हणाले. नाहीतर शहरातून प्लास्टिकची मागवतील. मग शिड्या, पेट्या, सगळंच तिकडून येईल म्हणे. एका ठिकाणाहून आलेलं त्यांना बरं पडतं."

तो बुधवार होता. शेडचं काम गेलं तर कामाच्या खोलीला कुलूप लावायचं आणि मुलाने दुसऱ्याच्या कारखान्यात प्लायवूड कापायला जायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 

सकाळी मिस्त्रींनी झाडू घेतला आणि कामाच्या खोलीतला भुसा बाजूला करायला सुरुवात केली. वरवर रोज झाडत असत. पण खालचा थर वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झाला होता. तो त्यांनी खुरप्याने खरवडला. दाराजवळ, उजेड येतो तिथे, जमिनीत चार खळगे निघाले. हाताचा तळवा बसेल एवढे.

मुलगा बघत उभा होता. "हे काय?"

"इथेच," मिस्त्री म्हणाले. "माझे वडील प्रत्येक वस्तू इथेच ठेवून बघायचे. बसली की झाली. मीपण इथेच बघत आलो. दाराकडे तोंड करून."

त्यांनी स्टूल खळग्यांत ठेवलं. ते लहान मूल आईच्या कडेवर बसावं तसं बसलं. मग त्यांनी ते उचललं, पाव वळसा फिरवलं आणि पुन्हा ठेवलं.

टक.

 बाहेर मिस्त्रींची बायको गुरांना पाणी दाखवत होती, तिचा आवाज येत होता.

"बाबा, बाईंच्या ओसरीवर करू," मुलगा म्हणाला. "त्या नाही म्हणणार नाहीत."

"ती फरशी वर-खाली आहे. पाहून आलो मी."

"शेडवर?"

सून डबा भरत होती. ती आतूनच म्हणाली, "तिथे पेट्या लागल्यात. आणि भुसा आत येऊ देत नाहीत, फळाला चिकटतो."

मग मिस्त्रींनी नजरेनेच करून पाहिलं. एका स्टुलाचा लांब वाटणारा पाय गहूभर कापला. दुसरा डुगडुगला. दुसरा कापला, तर तिसरा. मुलगा "थांबा" म्हणत होता आणि मिस्त्री "एवढाच राहिलाय" म्हणत होते. दुपार झाली तेव्हा स्टूल गुडघ्याच्याही खाली गेलं होतं, आणि अजून डुगडुगतच होतं.

बायको चहा घेऊन आली. तिने स्टुलाकडे पाहिलं. "मांजरासाठी आहे का?"

मुलगा हसला आणि बापाकडे पाहून गप्प झाला. पण मिस्त्रींनाही हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"ने तुला," ते म्हणाले. "हौद घासायला घे."

तिने खरोखरच नेलं. गुरांचा सिमेंटचा हौद घोटाभर पाणी ठेवून घासायचा होता. ते बुटकं स्टूल आत ठेवून, पदर खोचून ती बसली आणि शेवाळ खरवडू लागली. काम झाल्यावर तिने स्टूल काठावर उलटं घातलं. चारही पायांवर ओलीची रेघ उठली होती. एका पायावर टोकापासून चार बोटं, दुसऱ्यावर तीन.

मिस्त्री चहाचा कप विसळायला आले होते. ते रेघांकडे बघत राहिले.

"काय बघताय?"

"रेघ सारखी का नाही?"

"रेघ सारखीच आहे. पाणी काय एका बाजूला उंच राहतं होय? तुमचे पाय सारखे नाहीत." ती पदर पिळून झटकत म्हणाली, "एवढी गावभर फरशी शोधत हिंडलात. पाण्याला कुठे फरशी लागते?"

मिस्त्रींनी कप तसाच हौदाच्या काठावर ठेवला आणि मुलाला हाक मारली.

काम शुक्रवारी पहाटे सुरू झालं. दिवस वर आला की वारा सुटे आणि पाण्यावर लाटा उठत. म्हणून उजाडल्यापासून उन्हं कोवळी असेपर्यंत खुणा करायच्या आणि मग दिवसभर कापायचं, असं ठरलं. शाळा सुरू व्हायच्या आधी भिंगरीलाही काम मिळालं. हौदात बोटभरच पाणी ठेवून स्टूल आत ठेवायचं, वर पाणी भरलेली ताटली ठेवायची. ताटलीतलं पाणी काठाला सगळीकडे सारखं येईपर्यंत मुलाने पायांखाली पाचरी सरकवायच्या. ताटलीवर नजर भिंगरीची.

"आता?"

"वॉबली."

"आता?"

"अजून वॉबली. आजोबा, धक्का देऊ नका ना."

"मी नाही, तुझा बाप."

"आता नाही."

मग ताटली काढून स्टुलावर दगड ठेवायचा, म्हणजे ते जागचं हलत नसे. बाईंनी दिलेल्या खडूने पाय आधीच पांढरे करून ठेवलेले असत. पाणी खडू धुऊन नेई आणि पांढरं जिथे संपे तिथे मिस्त्री टोकदार पेन्सिलीने पायाभोवती रेघ फिरवत. चौथा पाय नेहमी लांबचा. त्याच्यासाठी हौदात उतरून, कंबरेत वाकून, श्वास धरून रेघ मारावी लागे. श्वासानेही पाणी हाले.

पहिल्या सकाळी आठ झाली. स्टुलं उन्हात उलटी घातली, दुपारी पाय सुकल्यावर रेघेवर कापली. हौदात गुरं येऊ नयेत म्हणून बायकोने त्यांना बादलीने पाणी पाजलं. बारा बादल्या एका वेळेला. ती कण्हली नाही, पण रात्री तिने दोन्ही तळहात तेल लावून चोळले.

शनिवारी पंधरा झाली. पाण्यातून बाहेर येताना मिस्त्रींच्या पायांना मुंग्या आल्या आणि ते काठावर तोल सावरत उभे राहिले.

"आता तुम्हीच वॉबली झालात," बायको म्हणाली.

"तूसुद्धा शिकलीस का?"

"दोन दिवस कानांवर तेच पडतंय. न शिकून सांगते कुणाला? धरा हात."

तिने त्यांना ओसरीवर बसवलं आणि जुन्या धोतराने पाय कोरडे केले. पायांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. भिंगरी शेजारी बसून दात हलवत होती.

रविवारी सोळा खुणा झाल्या, वारा सुटायच्या आधी. एकोणचाळीस पुरी झाली. चाळिसावं नव्हतंच, ते मांजराचं झालं होतं. ते नव्याने करायचं होतं, सुकलेलं लाकूड संपलं होतं आणि रविवारी वखार बंद होती. मुलाने गुरुवारी आलेल्या फळ्यांतली एक काढली. मिस्त्रींनी ती वासावरून ओळखली.

"ओली आहे अजून."

"एकच तर आहे, बाबा."

त्यांनी ती घेतली. संध्याकाळी, वारा पडल्यावर, त्याचीही खूण केली.

सोमवारी उजाडताच टेंपो आला. शेडची जमीन तांब्याच्या परातीसारखी सपाट आणि थंड होती. बायका टेबलांमागे उभ्या होत्या. त्यांच्यात सूनही होती. तिने मिस्त्रींकडे पाहिलं आणि लगेच नजर पट्ट्याकडे वळवली.

सुपरवायझर तरुण होता. उद्धट नव्हता. त्याने आधी टेप लावला. "उंची बरोबर आली की आता. मागच्या वेळी बोटभर जास्त होती."

"मातीत बोटभर रुतायचं, म्हणून आम्ही तेवढं जास्तच ठेवायचो."

"इथे माती कुठाय?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "ते उशिरा लक्षात आलं."

सुपरवायझरने पहिल्या स्टुलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आवाज आला नाही. दुसऱ्यावर ठेवलं. नाही. तो ओळीने पुढे सरकत गेला आणि एकेक बाई आपलं स्टूल ओढून टेबलाशी बसत गेली.  ज्या दोघी हसल्या होत्या त्यांच्यापैकी एकीने बसल्यावर मुद्दाम पुढे-मागे हलून पाहिलं आणि शेजारणीकडे बघून भुवया उडवल्या.

शेवटचं राहिलं. सुपरवायझरने बोट ठेवलं, काढलं, आणि वहीत खूण करायला पेन उघडलं. "झाली चाळीस. मिस्त्री, मानलं तुम्हाला."

मिस्त्री पुढे झाले. त्यांनी स्टुलावर आपला तळवा ठेवला, बोट नाही, सगळा तळवा, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने भार दिला. आवाज असा झाला नाही. पण तळव्याला कळलं. लाकूड रात्रीतून सुकलं होतं आणि एक पाय किंचित आत ओढला गेला होता.

"हे वॉबली आहे," ते म्हणाले.

सुपरवायझरने चमकून वर पाहिलं. "मला तर नाही वाटलं."

"त्या कोपऱ्याला नाही कळणार. इकडून दाबा. असं."

त्याने दाबलं. पुन्हा दाबलं. "असेल केसाएवढं. चालतं हो मिस्त्री, कागदाची घडी घालू. आता माल येईल."

"कागद नको. लाकूड ओलं होतं. आज वखारीतून सुकं आणतो, उद्या सकाळी दुसरं करून देतो."

"आणि आज ही कुठे बसणार?" सुपरवायझरने टेबलांकडे हात केला. सगळ्या बसल्या होत्या. उभी फक्त सून होती.

मिस्त्रींना हे आधी दिसलं नव्हतं. त्यांचा हात स्टुलावरच राहिला.

सुनेने टेबलाखालून एक रिकामी पेटी ओढली आणि उलटी घातली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. न्या ते, मामंजी."

सुपरवायझरने पेन बंद केलं, मग पुन्हा उघडलं. "एकोणचाळीस लिहितो. उद्या येताय ना? मग शिड्यांचं मापही घेऊन जा."

"येतो," मिस्त्री म्हणाले आणि स्टूल त्यांनी खांद्यावर घेतलं.

मागे पट्टा सुरू झाला. पहिली फळं पुढे आली तेव्हा पेटीवर बसलेल्या सुनेचे हात बाकीच्यांच्या हातांबरोबरच उचलले गेले.